बेचाळिसावं नाव

लातूर, १४ ऑगस्ट २०१४

शिवकांता,

मायन्यावरच सकाळ गेली. ‘चि.’ लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. शाळेत पत्रलेखन शिकवताना मीच सांगायचो, आपल्याहून लहान माणसाला चिरंजीव लिहावं, म्हणजे त्यानं खूप जगावं. तुला तो शब्द मी कोणत्या तोंडानं लिहू? म्हणून आज नुसतं नाव लिहिलं.

काल तुमच्या संघटनेची लुंबिनी येऊन गेली. नांदेडहून पहिल्या एसटीनं आली, दुपारच्या गाडीनं परतली. बोलते तडातडा, पण मला म्हाताऱ्याला दोनदा समजावून सांगायला कंटाळली नाही. तिनं सांगितलेलं मला नीट कळलंय का ते इथं लिहून पाहतो.

तुझ्या गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ आहे. तुम्ही भांडून तुमच्या गल्लीतल्या बायांसाठी महिन्यातून एक दिवस तपासणीचा लावून घेतलात, त्याच तपासणीत ती सापडली. लवकर सापडली म्हणून ऑपरेशन केलं तर तू बरी होशील, पण वीस सप्टेंबरच्या आत करा असं डॉक्टरांनी सांगितलंय. सरकारी योजनेत ते फुकट होतं, फक्त रेशनकार्ड लागतं. संघटनेनं चाळीस बायांना कार्डं मिळवून दिली आणि अध्यक्षबाईंचंच अडलं. बाकीच्यांनी अर्जात गाव लिहिलं नव्हतं. तू खरं नाव लिहिलंस, खरं गाव लिहिलंस, माळसोंडा. कागद गावी गेला आणि उत्तर आलं की सदर महिला १९९३ च्या भूकंपात मयत आहे, मृतांची यादी पाहावी.

त्या यादीखाली सही माझी आहे.

“गुरुजी, एकच प्रतिज्ञापत्र,” लुंबिनी म्हणाली. “ही बाई जिवंत आहे, मी तिला ओळखतो, नाव चुकून गेलं. तीन ओळी.”

मी संघटना कसली ते विचारलं. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

“धंदा करणाऱ्या बायांची,” ती म्हणाली, अगदी ‘दूधवाल्यांची’ म्हणावं तशी. “आम्ही सुटका मागत नाही. दवाखाना मागतो, कार्ड मागतो, अन् पोलिसानं केस धरून ओढू नये एवढं मागतो.”

मी म्हणालो, माझा हात थरथरतो, मोतीबिंदू काढलाय, दोन दिवस विचार करतो. ती म्हणाली, “दोन करा. तीन नका करू.”

हात काही थरथरत नाही. अक्षर बघ ना, रेघ न आखता सरळ चाललंय.

मी इथं मुलाकडे असतो. कवितेच्या नादात मी ज्याचं नाव गंधार ठेवलं तो क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, आणि घराचे वरचे दोन मजले त्यानं बाहेरगावच्या मुलींना राहायला दिलेत. दिवसभर त्या पाठांतर करत असतात. भिंतीआड मधमाश्यांचं पोळं असावं तसा तो आवाज. ऊन खिडकीतून सरकत जातं, मी आरामखुर्चीत डोळे मिटतो आणि त्या आवाजातून हळूहळू आपली शाळा वर येते. लिंबाखालचा चौथीचा वर्ग, पाट्या पुसलेल्या पाण्याचा वास. हजेरीला ‘हजर’ म्हणा म्हणून मी ओरडायचो, आणि तुम्ही सगळे आपले ‘हाय गुरुजी, हाय गुरुजी’. मी रचलेली ती कविता तुला आठवते का?

चिमणी विचारी पारव्याला, सावली कुणाची सांडली?
पारवा म्हणे, ज्याची त्यानं सांजेला घरी मांडली.

सगळा वर्ग चालीत म्हणायचा. तू एकटी हात वर करून म्हणालीस, “गुरुजी, जी चिमणी घरला येतच न्हाई, तिची सावली कोन मांडतं?” मी हसलो होतो आणि पुढचं कडवं घेतलं होतं.

तुझं नाव यादीत घाईत गेलं असणार. ते दिवसच तसे होते, तू समजून घेशील. प्रतिज्ञापत्राचं पाहतो.

बसवंत गुरुजी


लातूर, २२ ऑगस्ट २०१४

शिवकांता,

दोनाचे नऊ दिवस झाले. लुंबिनीचे फोन येतात, मी देवघरात आहे असं सांगायला लावतो. माझ्यासारखा माणूस दिवसातून चार वेळा देवघरात कसा, असं सूनबाई देविकानं परवा विचारलंच.

गंधारला कळलंय. त्यानं विचारलं, “बाबा, ती बाई कोण आली होती?” मी सगळं सांगितलं. त्यानं स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली.

“वर चौतीस पोरी हायत,” तो म्हणाला. “देवणीहून, बिलोलीहून, लोह्याहून बाप येतात, पोरगी सोडून जातात. सर, तुमच्या भरवशावर ठेवून चाललो म्हणतात. उद्या पेपरात आलं, की सरांच्या वडिलांनी तसल्या बाईसाठी सही केली, तर? एक बाप पोरगी घेऊन गेला की मागं रांग लागती, बाबा.”

“पेपरात काय येईल?” स्वयंपाकघरातून देविका म्हणाली. “मास्तरांनी खरं सांगितलं, एवढंच येईल.”

“तू गप.”

“गपच हाय मी. भाकरी थापून राहिले.”

तर आमच्या घरात हे असं आहे. मी गंधारला वाईट म्हणणार नाही. त्याची भीती खरी आहे, आणि तो ती तोंडावर बोलून तरी दाखवतो. मला तेही कधी जमलं नाही. तुझ्यापेक्षा जास्त हे कुणाला माहीत असणार?

सन २००१, फेब्रुवारी. माझी पत्नी कुसुम तेव्हा होती. तिच्या गुडघ्याचा फोटो काढायला आम्ही नांदेडला एका दवाखान्यात गेलो होतो. केसपेपरच्या खिडकीपाशी सात-आठ बाया उभ्या होत्या. आतला माणूस म्हणत होता, “नवऱ्याचं नाव सांग. त्याशिवाय कागद निघत नाही.” आणि सगळ्यांत पुढची बाई खिडकीच्या फळीवर कोपर टेकवून म्हणाली, “माझंच लिवा की. दवाखान्यात मी आलेय, नवरा कुठं आलाय?”

मागच्या बाया हसल्या. तो आवाज मी ओळखला. चौथीत हात वर करणारा आवाज. तू वळलीस. पिवळी साडी, कपाळावर घाम. तू आधी नुसती बघत राहिलीस, मग तुझा चेहरा एकदम लहान झाला, आणि तू म्हणालीस, “गुरुजी?”

मी म्हणालो, “कोण? ओळख पटली नाही.”

तू माझ्याकडं क्षणभर पाहिलंस. मग बायांना म्हणालीस, “चुकलं माझं. माझे गुरुजी लई कविता म्हनायचे. हे दुसरे कुनीतरी दिसतात.”

कुसुमनं विचारलं, “कोण हो ती?” मी म्हणालो, “कुणी नाही.” परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. बाहेर करडई फुलली होती, मैलच्या मैल. मी मनात म्हणालो, ते स्वप्न होतं. तुला सांगतो, तेरा वर्षं मी ते स्वप्न म्हणूनच सांभाळलं. म्हातारपणी ही सोय असते, जे नको ते दुपारच्या झोपेत ढकलून द्यायचं.

पण तेव्हा तू जिवंत आहेस हे मला कळलं. तेव्हाच जाऊन यादीतलं नाव काढायला हवं होतं. नाही काढलं. एवढं आज लिहितो.

बसवंत गुरुजी


लातूर, २ सप्टेंबर २०१४

शिवकांता,

तुझं पत्र आलं. आधी तुझं अक्षरच बघत बसलो, ‘ळ’ची गाठ अजून तशीच मारतेस. मग वाचलं. मग दार लावून घेतलं आणि पुन्हा वाचलं. आता ते पाठ झालंय, म्हणून तुझेच शब्द तुला लिहितो. मला ते टाळता येऊ नयेत म्हणून लिहितो.

“गुरुजींना नमस्कार. नाव घाईत गेलं म्हनता. भूकंपाच्या आदी आठ दिवस मी अव्वाला नांदेडहून कार्ड टाकलं होतं. अव्वाला वाचता येत नव्हतं. गावात कार्ड कोन वाचून दाखवायचं ते मला म्हाइत हाय. मंग मी कुठं हाय ते तुमाला म्हाइत होतं. म्हाइत असून मला कोनी मारलं आन कशापायी मारलं, पैशापायी का, तेवढं लिवा. सही तुमच्या मनावर. मला कापायच्या आदी एवढं कळू द्या. त्या दिवशी दवाखान्यात मी तुमाला ओळखलंच होतं. आता तिथं नवऱ्याचं नाव इचारत न्हाईत. आमी बंद केलं ते. तुमची शिवकांता.”

‘तुमची’ का लिहिलंस, पोरी?

लिहितो.

ते पोस्टकार्ड मीच वाचलं होतं. तुझी आई, गुरम्मा, पदराखाली लपवून घेऊन आली शाळेत, पोरं घरी गेल्यावर. तू अठरा वर्षांची, उदगीरच्या त्या ड्रायव्हरबरोबर लग्न करते म्हणून गेलेली. गावात तिनं सांगितलं होतं की पोरगी मावशीकडं गेलीय. कार्डात तू लिहिलं होतंस, “अव्वा, मानूस सोडून गेला. मी एका बाईच्या घरी राहते. कामाला लागले. काय काम ते लिवत न्हाई. मी बरी हाय.” आणि खाली पत्ता. मी वाचून दाखवलं. गुरम्मा म्हणाली, “अजून एकदा वाचा.” मी वाचलं. ती म्हणाली, “बास,” आणि कार्ड माझ्याच हातात सोडून गेली.

मग भूकंप झाला. त्याचं वर्णन करत नाही. तू तिथं नव्हतीस, आणि जे होते त्यांनाही ते शब्दात सापडत नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या लिंबाखाली मला टेबल मांडून दिलं आणि साहेब म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला घरटी नावं पाठ आहेत. यादी तुम्ही करा.” हजेरीचं जुनं रजिस्टर होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी लिहीत होतो. एकेचाळीस नावं झाली तेव्हा गुरम्मा आली. केस धुळीनं पांढरे झालेले, पायात चप्पल नाही.

“लिवा माझ्या पोरीचं.”

मी हळूच म्हणालो, “गुरम्मा, ती नांदेडला आहे. कार्ड आपण वाचलंय.”

“मावशीकडनं परत आली हुती, घरातच निजली हुती, असं सांगितलंय मी समद्यांना. गुरुजी, मेलेल्या पोरीला कोन नावं ठेवत न्हाई. जित्या पोरीला हे गाव सोडायचं न्हाई. लिवा.”

मी लिहिलं. बेचाळीस, शिवकांता.

आता खरी गोष्ट. मी ते तिच्या आग्रहापायी लिहिलं, असं आजवर स्वतःला सांगत आलो. तसं नाही. मला ते करावंसं वाटलं. भोवती एवढा विध्वंस, आणि एक आई आपल्या लेकीवर मातीचं पांघरूण घालतेय, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मला ते फार सुंदर वाटलं. आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या, त्याचं हे फळ. जिवंत मुलगी मेली म्हणून लिहिताना माझा हात थरथरला नाही. डोळे तेवढे भरून आले, आणि ते मला आवडलं.

पैशासाठी कुणी काही केलं नाही. भरपाईच्या कागदावर गुरम्मानं अंगठा लावलाच नाही. साहेब दोनदा आले, तिनं दार लावून घेतलं.

आणखी एक राहिलंय. तेवढं लिहिलं की संपलं.

पुढच्या वर्षी, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो तेव्हा, गुरम्मा माझ्याकडं आली. म्हणाली, “एक कार्ड लिवा.” तिनं सांगितलं तसं मी लिहिलं, पत्ता घातला. पोस्टात टाकतो म्हणालो. टाकलं नाही. तू आली असतीस तर गावानं विचारलं असतं, मेलेली मुलगी कशी आली, यादी कुणी लिहिली. मी बदलीच्या, बढतीच्या वाटेवर होतो. कार्ड कवितेच्या वहीत ठेवलं. गुरम्मानं चार वेळा विचारलं, “उत्तर आलं का?” मी चारही वेळा नाही म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तुला तुझ्या अव्वाबद्दल एवढंच माहीत असतं की तिनं तुला मेली म्हणवलं, तर माझं सोयीचं झालं असतं. पण पुढचंही ऐक. नव्या गावात दर तीस सप्टेंबरला शाळेपुढं जमतात आणि मृतांची नावं वाचतात. यादी माझी म्हणून वाचायला मलाच बोलावतात. मी बेचाळीसवर आलो की मागं बायांमध्ये बसलेली गुरम्मा म्हणायची, “हाय.” मोठ्यानं नाही, हजेरीला म्हणावं तसं. दर वर्षी म्हणायची. लोक म्हणायचे, पोरीच्या दुःखानं येडी झाली. पोरं तिच्या मागं ‘हाय, हाय’ करत फिरायची. ती येडी नाही हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माइकपुढं उभा राहून त्रेचाळिसावं नाव वाचायचा.

सहा वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून बेचाळीसला कुणी काही म्हणत नाही.

सोबत ते कार्ड पाठवतोय. वीस वर्षं उशिरा. कडा पिवळ्या पडल्यात, शाई शाबूत आहे. तुझ्या आधी दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही.

परवा तहसीलला जातो.

बसवंत गुरुजी


लातूर, १० सप्टेंबर २०१४

शिवकांता,

झालं. लुंबिनीनं फोन केलाच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

घरी सांगितलं, बँकेत जातो. देविका म्हणाली, “बँकेत डबा लागतो का, मामा?” आणि तरी भाकरी, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दर नोव्हेंबरला मी बँकेत जातो, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. मी जिवंत आहे असं स्वतःच लिहून खाली सही करतो, बाई शिक्का मारते, पाच मिनिटांत माणूस जिवंत. गाडीत तेच आठवत होतं. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, मध्येच डुलकी लागली, आणि डुलकीत तूच बँकेच्या खिडकीपाशी उभी होतीस, चौथीतली, पाटी घेऊन. तुझी उंची फळीपर्यंत पोचत नव्हती.

लुंबिनी तहसीलच्या पायऱ्यांवर वाटच बघत होती. कारकून चांगला माणूस निघाला. मजकूर त्यानं आधीच तयार ठेवला होता. म्हणाला, “गुरुजी, ‘तत्कालीन गोंधळात नजरचुकीने’ असं टाकलंय. सही करा, मोकळे व्हा.”

मी म्हणालो, “नजरचुकीनं नाही. माहीत असून लिहिलं, असं लिहा.”

त्यानं चष्मा काढला. “अंगाशी येईल तुमच्या. चौकशी लागली तर पेन्शनीपर्यंत जाईल.”

“जाऊ द्या.”

लुंबिनीनं माझी बाही ओढली. “गुरुजी, एवढं नको होतं. चुकून म्हटलं तरी ताईचं काम होतंय.”

“हो, होतंय,” मी म्हणालो. “पण ताईनं मला विचारलंय कोणी मारलं. तिला एक उत्तर आणि सरकारला एक, असं नाही जमायचं आता.”

कारकुनानं तुझ्या अर्जावरचा फोटो पुढं केला. “एकवीस वर्षांनी ओळख कशी पटवता?”

“तेरा वर्षांपूर्वी समोरासमोर पाहिलंय,” मी म्हणालो. “तेव्हा ओळख दिली नाही. म्हणून पक्की लक्षात आहे.”

त्यानं कागद पुन्हा टाइप करायला दिला. आम्ही बाकावर बसून राहिलो. लुंबिनीनं माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली आणि तुझे किस्से सांगितले. तू बायांना तपासणीला न्यायला दारोदार फिरतेस, आणि एखादी येत नाही म्हणाली तर तिच्या उंबऱ्यात बसून माझी चिमणीची कविता म्हणत राहतेस, ती कंटाळून उठेपर्यंत. “त्या कवितेला आमच्याकडं सगळ्या भितात,” ती म्हणाली. माझ्या कवितेचा असा उपयोग कुणी केला नव्हता.

सही केली. अक्षर चांगलं आलं. रेशनकार्ड चार दिवसांत निघेल म्हणाले, साहेबांनी तसा शेरा मारलाय.

परतलो तेव्हा स्टँडवर गंधार उभा होता. बँकेत जाऊन आला होता तो, मला शोधायला. त्यानं मला स्कूटरवर मागं बसवलं. दोन मुलींच्या बापांचे फोन आलेत असं देविकाकडून नंतर कळलं, कुणी सांगितलं कोण जाणे. गंधार आणि मी अजून बोलत नाही. पण त्या दिवशी खड्डे आले की तो स्कूटर हळू करत होता.

तुझं माझ्या पत्राला उत्तर नाही. ते बरोबर आहे. लुंबिनी म्हणाली, अव्वाचं कार्ड तू कुणाला वाचू दिलं नाहीस, तिलाही नाही, आणि ते ब्लाउजमध्ये ठेवून कामाला गेलीस. मला निरोप आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, “न्हाई दिला काही.”

बसवंत गुरुजी


माळसोंडा (नवं गाव), ३० सप्टेंबर २०१४

चि. शिवकांता हिला,

शाळेच्या ओट्यावर बसून लिहितोय. गाडी तीनला आहे, वेळ आहे. लिंब इथला आपला नव्हे, नवा लावलेला, पण सावली बऱ्यापैकी पडते.

अठराला तुझं ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली, हे कळलं. पलंगाच्या डोक्याशी पाटीवर तुझं पूर्ण नाव लिहिलंय म्हणे, आणि नर्स नाव घेऊन हाक मारते. लुंबिनीनं त्या पाटीचा फोटो काढून देविकाच्या फोनवर पाठवला. मी तो मोठा करून करून पाहिला. खडूनं लिहिलेलं नाव मला नेहमीच आवडतं.

आज सकाळी नावं वाचायची होती. माणसं पूर्वीइतकी येत नाहीत. तरुण पोरं लातूरला, पुण्याला. तीस-चाळीस म्हातारी माणसं, शाळेतली मुलं रांगेत, सतरंज्या. धोंडप्पा माइक धरून उभा होता. तुमच्या शेजारचा धोंडप्पा, आता दात नाहीत. त्यानं नेहमीसारखी यादी हातात दिली.

मी वाचायला लागलो. वाचताना दर वर्षी होतं तेच झालं, नावं चेहरे घेऊन येतात, चेहऱ्यांमागं घरं येतात, घरांमागं जुनी गल्ली उभी राहते, आणि मी तिच्यातून चालत जातो. एकेचाळीस वाचलं. मग थांबलो.

सवयीनं मागं बायांकडं बघितलं. गुरम्माची जागा खांबाजवळची. तिथं शाळेतली एक लहान मुलगी बसली होती, वेणीची रिबीन चघळत.

“बेचाळीस,” मी म्हणालो, “शिवकांता.” आणि मग माइकमध्येच म्हणालो, “हाय.”

 धोंडप्पा माझ्याकडं बघायला लागला, मलाही लागलं की काय येड, अशा नजरेनं. मी सांगितलं. खूप नाही सांगितलं. म्हणालो, शिवकांता त्या दिवशी गावात नव्हती, ती नांदेडला आहे, बारा दिवसांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. गुरम्माला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी माहीत असून नाव लिहिलं, तिला बोलवायचं कार्ड मी पोस्टात टाकलं नाही. सरकारकडं लिहून दिलंय, आता तुम्हाला सांगतो.

तू काय काम करतेस ते कुणीतरी विचारणारच होतं. विचारलं. मी म्हणालो, “बायांच्या संघटनेची अध्यक्ष आहे. धंदा करणाऱ्या बायांच्या. ती स्वतःही त्यांच्यातलीच. दवाखान्यातून बायांना हाकलत होते, ते तिनं बंद केलं.” मागून एक जण उठून गेला. एक म्हातारी पदर तोंडाला लावून बसली. बाकीचे बसून राहिले. मला वाटलं होतं कुणी शिव्या देईल. कुणी दिल्या नाहीत, हे मी चांगलं म्हणून सांगत नाही. जे बोलायचं ते मी गेल्यावर बोलतील.

धोंडप्पानं माइक बाजूला ठेवला. माझ्या अगदी जवळ आला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो मोठ्यानं बोलतो, सगळ्यांना ऐकू गेलं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “मंग गुरम्मा येडी नव्हती?”

“नाही.”

“चौदा वर्सं आमी तिला येडी म्हनलो.”

“हो.”

“माझी नातवंडं तिच्या मागं दगडं घेऊन पळायची.” तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. “आन ती पोरगी हाय म्हनून खरंच सांगून राहिली व्हती.”

मी त्रेचाळिसावं नाव वाचू शकलो नाही. पुढची यादी शाळेच्या बाईंनी वाचली.

कार्यक्रम झाल्यावर धोंडप्पानं यादी मागितली. त्यानं खिशातून पेन काढलं, बेचाळीसवर रेघ मारायला गेला, मग माझ्याकडं दिलं. म्हणाला, “तुमी लिवलंय, तुमीच खोडा.” मी खोडलं. सरळ रेघ आली. आकडा तसाच ठेवलाय. मुलांनी पुढं कधी विचारलं की बेचाळीसला नाव का नाही, तर कुणीतरी सांगावं म्हणून.

तुला इथं येऊन जा म्हणून मी लिहिणार नाही. बोलवायचा हक्क जिचा होता तिनं बोलावलंय, ते कार्ड तुझ्यापाशी आहे. त्यातली शेवटची ओळ मी लिहून घेतली तेव्हा गुरम्मा हसली होती. ते तुला सांगायचं राहिलं होतं. “लोक काय म्हनतील ते म्हनू दे. येताना कायबी आनू नको” असं सांगून ती हसली आणि म्हणाली, “हे लिवलं न्हाई तर ती काई ना काई घेऊन येती बघा.”

गाडीची वेळ झाली. गंधार न्यायला येणार आहे स्टँडवर, तसा निरोप त्यानं देविकाकडून दिलाय.

टाके ओढतील असं काही उचलू नकोस.

बसवंत गुरुजी